इलास्टिकसर्च सहा ते आठ: जुन्या मराठी पुस्तकांच्या शोधाचा आठ महिन्यांचा अनुभव

पुण्याच्या मध्यवस्तीत पेठेतल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहाची सूची आणि तिचं शोधपान मी सांभाळतो. सूचीत सव्वादोन लाखांवर नोंदी आहेत. त्याशिवाय जुन्या मासिकांची स्कॅन केलेली अठ्ठावीस लाख पानं आहेत, त्यांचा मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून, शोधात घातलेला आहे. हा सगळा शोध इलास्टिकसर्च या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरवर चालतो. आमच्याच इमारतीत तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकाला बत्तीस जीबी रॅम आणि साधी एसएसडी. आठ महिन्यांपूर्वी, गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी, आम्ही त्याच्या ७.१७ आवृत्तीवरून ८.१९ वर गेलो. तेव्हापासून काय सुधारलं, काय बिघडलं आणि कशासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो, ते इथे सविस्तर लिहितोय. मराठी मजकुरासाठी हे काम करणाऱ्यांचे अनुभव मला त्या वेळी शोधूनही फारसे मिळाले नव्हते.

सुरुवात एका गैरसमजातून झाली. आमचं सॉफ्टवेअर कित्येक दिवस ७.१७ वर होतं, त्यामुळे आठवर जायला फक्त पॅकेज बदलायचं आहे असं मी धरून चाललो होतो. किबाना या इलास्टिकसर्चच्या नियंत्रणपानातला, आवृत्ती बदलण्यातल्या अडचणी दाखवणारा अपग्रेड असिस्टंट उघडला तर पहिलीच लाल ओळ मुख्य इंडेक्सची, म्हणजे शोधासाठी लावून ठेवलेल्या साठ्याची. हा इंडेक्स २०१९ मध्ये ६.८ वर तयार झालेला, आणि आठवी आवृत्ती फक्त सातमध्ये किंवा नंतर जन्मलेले इंडेक्स उघडते. सध्या सॉफ्टवेअर कोणतं चाललंय याला काही अर्थ नाही, इंडेक्स कुठल्या आवृत्तीत जन्मला ते बघितलं जातं. हा नियम मुळात इलास्टिकसर्चच्या पोटातल्या ल्यूसीन या शोध-लायब्ररीचा. ल्यूसीन आपल्या इंडेक्सवर जन्माच्या आवृत्तीचा शिक्का मारतं आणि एका मोठ्या आवृत्तीपेक्षा मागचं वाचत नाही. इलास्टिकसर्च सहामध्ये ल्यूसीन सात होतं, सातमध्ये आठ, आणि आठमध्ये नऊ. फोर्स मर्ज करून सगळे सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचे डिस्कवरचे तुकडे, नव्याने एकत्र लिहून घेतले तर शिक्का बदलेल अशी मला आशा होती. तसं होत नाही. मूळ मजकूर वाचून नव्या इंडेक्समध्ये पुन्हा घालायचा, म्हणजे रीइंडेक्स करायचं, एवढाच मार्ग उरतो.

असिस्टंटमध्ये त्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं की जुनीच सेटिंग आणि जुनंच मॅपिंग (कोणत्या फील्डचा मजकूर कसा साठवायचा त्याचा आराखडा) घेऊन रीइंडेक्स होतं, लाल ओळ जाते आणि रस्ता मोकळा होतो. बहुतेकांना तेवढं पुरेल. मी ते दाबलं नाही, याचं श्रेय आमच्या ग्रंथपाल बाईंना आहे.

बाई तीस वर्षं इथे आहेत. त्याच आठवड्यात मी त्यांना सांगायला गेलो होतो की काही दिवस शोध थोडा हळू चालेल. त्या म्हणाल्या, "हळू चालेना का, पण अरे, केळकर टाकलं की केळी लागवडीची पुस्तकं का येतात, ते एकदा बघशील का? मी वाचकांना सांगून थकले." ही तक्रार मी आधीही ऐकली होती. ओसीआरची चूक असेल म्हणून सोडून दिली होती. या वेळी जागेवर परत येऊन ॲनालाइझ एपीआयला 'केळकर' हा शब्द दिला. कोणत्याही शब्दाचे इंडेक्समध्ये जाताना काय तुकडे होतात हे ती दाखवते. उत्तर आलं: 'केळ'. मग 'केळी' दिलं. उत्तर तेच: 'केळ'.

कारण समजायला मग वेळ लागला नाही. इलास्टिकसर्चमध्ये तीसेक भाषांचे तयार ॲनालायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडून त्यांना मूळ रूपाला आणणारे संच, आहेत, हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. ज्याने हा इंडेक्स बांधला त्याने देवनागरी म्हणून हिंदी निवडला. त्याच्या जागी मी असतो तर बहुधा हेच केलं असतं. हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय कापणारा भाग, शब्दाच्या शेवटी 'कर' दिसला की तो प्रत्यय समजून कापतो. 'जाकर', 'देखकर' अशा रूपांसाठी ते बरोबर आहे. पण आपली निम्मी आडनावं 'कर'वर संपतात! 'मंगेशकर' शोधलं की 'मंगेश' नावाचे सगळे येणार, 'दिवाकर' शोधलं की 'दिवा' आणि 'दिवे' येणार, कारण तिथे 'ाकर' हा आख्खा तुकडाच जातो. सहा वर्षं आमच्या शोधाने निम्म्या लेखकांची आडनावं कापली होती आणि वाचक मुकाट्याने पानं उलटत होते. हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटलं. बटण दाबलं असतं तर हीच चूक नव्या आवृत्तीत जशीच्या तशी गेली असती.

म्हणून आम्ही क्रम ठरवला: आधी ७.१७ वर असतानाच नव्या मॅपिंगने रीइंडेक्स करायचं, चार-पाच आठवडे त्यावरच शोध चालवायचा, आणि मगच आवृत्ती बदलायची. शोधाचे निकाल बदलले तर ते मॅपिंगमुळे की आवृत्तीमुळे, असा घोळ राहू नये. आज मागे वळून बघताना या सगळ्या कामात सगळ्यात चांगला ठरलेला निर्णय हाच.

नवा ॲनालायझर बांधताना हिंदी स्टेमर काढला आणि लगेच दुसरं दुखणं वर आलं, जे हिंदी ॲनालायझरने इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. आमच्या नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कीबोर्डवर भरलेल्या, त्यामुळे दोन्ही प्रकार सरमिसळ झालेले. हिंदी ॲनालायझर नुक्ता, हलन्त, अदृश्य जोडक सगळंच पुसून टाकत होता, म्हणून दोन्ही एकाच रूपाला येऊन मिळत होते. आम्ही आणलेला आयसीयू नॉर्मलायझर (युनिकोड मजकूर एकसारखा करणारा प्लगिन) जोडक काढतो पण ऱ तसाच ठेवतो. झालं, 'गोऱ्हे' नाव शोधलं की काही पुस्तकं सापडायची आणि काही गायब. बाईंनी मला एक नोंद दाखवली, तिच्यातलंच नाव नक्कल करून शोधलं की सापडे आणि हाताने टाइप केलं की सापडत नसे. ती नोंद मी बाइट बाइट करून वाचली तेव्हा तो अदृश्य जोडक दिसला.

उपाय एका ओळीचा आहे. मजकुराचे शब्द पाडणाऱ्या टोकनायझरच्या आधी, अक्षरं बदलणाऱ्या कॅरेक्टर फिल्टरमध्ये एक नियम घालायचा: र, हलन्त आणि जोडक असे तिन्ही ओळीने आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. आयसीयू नॉर्मलायझर टोकन फिल्टर म्हणून, शब्द पाडून झाल्यानंतर येऊ द्या, आधी आला तर जोडक पुसला जातो आणि मग ओळखायला काही उरत नाही. मराठी मजकूर इंडेक्स करणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढी एक गोष्ट आज तपासावी असं मला मनापासून वाटतं. देवनागरी आकड्यांसाठी डेसिमल डिजिट फिल्टर तयारच आहे, '१९४७' आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल त्याने एकत्र येतं.

जुन्या पुस्तकांसाठी आणखी एक सोय करावी लागली. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'गांव' असंच छापलेलं आहे, आणि सूचीत शीर्षक मुखपृष्ठावर असेल तसंच घ्यायचं हा बाईंचा नियम. तो बरोबरच आहे. म्हणून शीर्षकाखाली एक सैल उपफील्ड केलं. त्यात अनुस्वार गाळला आणि ऱ्हस्व-दीर्घ एक केलं. त्याचं वजन मुख्य फील्डपेक्षा बरंच कमी ठेवलं, नाही तर 'अंग' शोधणाऱ्याला 'अग' वर दिसेल.

आता प्रत्यक्ष रीइंडेक्सबद्दल. नवा इंडेक्स एका शार्डचा, म्हणजे एकाच भागाचा, केला. जुना पाचाचा होता, कारण सातपूर्वी तेच मूळ सेटिंग होतं. प्रत्येक शार्ड शब्दाचं वजन आपल्यापुरतं काढतो, त्यामुळे क्वचित येणाऱ्या शब्दांचे गुण शार्डगणिक वेगळे पडायचे. अठ्ठावीस जीबीच्या इंडेक्सला एक शार्ड पुरतो आणि निकालांचा क्रम स्थिर राहतो. काम चालू असेपर्यंत रेप्लिका, म्हणजे शार्डच्या जादा प्रती, शून्य ठेवल्या आणि रिफ्रेश इंटरव्हल उणे एक ठेवून नव्या नोंदी लगेच शोधात आणणं बंद केलं. काम मागे सोडून दिलं आणि कामाची प्रगती दाखवणाऱ्या टास्क एपीआयवर आकडे बघत बसलो.

पहिल्या रात्री ते चाळीस मिनिटांत थांबलं. प्रकाशन-वर्ष जुन्या इंडेक्समध्ये साधा मजकूर होता, नव्यात मी पूर्णांक केला होता, आणि एका नोंदीत 'शके १८०२' होतं. रीइंडेक्सला एक नोंद घालता आली नाही की तो पूर्ण थांबतो. शोधलं तर अशा हजारो नोंदी निघाल्या. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांवर शकच छापलेला असायचा. नोंद इंडेक्समध्ये जाण्याआधी बदलणाऱ्या इन्जेस्ट पाइपलाइनमध्ये लहानशी स्क्रिप्ट लिहिली: 'शके' दिसलं की अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. शके १८०२ म्हणजे पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत १८८० आणि पुढचे जानेवारी ते फाल्गुन १८८१. महिना बहुतेक पुस्तकांवर नसतोच, तेव्हा शोधासाठी पहिलं वर्ष धरलं आणि छापील मजकूर वेगळ्या फील्डमध्ये जसाच्या तसा ठेवला. ही फाळणी बाईंनी सुचवली. मला एकट्याला सुचली नसती.

दुसऱ्या रात्री डिस्क भरली. दोन्ही इंडेक्स एकाच वेळी नांदत होते, नवा शार्ड अख्खा एकाच सर्व्हरवर वाढत होता, सेगमेंट एकत्र होताना तात्पुरती जास्तीची जागा लागत होती, आणि त्याच डिस्कवर मी कधी न हटवलेले लॉगचे इंडेक्स पडून होते. इलास्टिकसर्च पंच्याऐंशी टक्क्यांवर नवे शार्ड ठेवणं थांबवतं, नव्वदवर असलेले दुसरीकडे हलवायला लागतं, आणि पंच्याण्णववर त्या सर्व्हरवरचे इंडेक्स फक्त वाचनापुरते करून टाकतं. रात्री पावणेतीनला पडद्यावर तो ब्लॉक आला आणि टास्क मेला. वाचकांचा शोध चालू होता, एवढीच जमेची बाजू. जुने लॉग काढल्यावर ब्लॉक आपोआप उठला, ७.४ पासून तशी सोय आहे, पण रीइंडेक्स पहिल्यापासून करावं लागलं. तिसऱ्या रात्री सव्वादोन तासांत काम पूर्ण झालं. इंडेक्सच्या दुप्पट-अडीचपट मोकळी जागा असल्याशिवाय याला हात लावू नका.

अलियास, म्हणजे इंडेक्सचं दुसरीकडे वळवता येणारं टोपणनाव, मात्र आधीच लावून घ्या. आमचं शोधपान थेट इंडेक्सच्या नावाने बोलत होतं. ते आधी बदललं, त्यामुळे जुन्यावरून नव्यावर जाणं एका विनंतीत झालं, मध्ये एक क्षणही शोध बंद नव्हता.

अलियास हलवण्याआधी आम्ही जे केलं त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. लॉगमधून वाचकांनी खरोखर केलेले दोनशे चाळीस शोध काढले. बाईंनी ते एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतले आणि प्रत्येकासमोर, हा शोध केल्यावर पहिल्या दहात काय यायला हवं, ते स्वतःच्या माहितीने लिहिलं. मग जुन्या आणि नव्या इंडेक्सवर एकेक शोध करून आम्ही दोघं रोज संध्याकाळी चहा घेत तपासायचो. सहा आठवडे लागले. अठरा ठिकाणी नवा इंडेक्स जुन्यापेक्षा वाईट निघाला आणि त्या अठराही ठिकाणी काही ना काही दुरुस्त करता आलं. गुणांचे आकडे बघून हे कधीच कळलं नसतं.

आवृत्ती बदलण्याच्या कामाला त्या मानाने एक सकाळ पुरली. पण त्याची तयारी होती. आठमध्ये सुरक्षा मुळातच चालू असते. सातमध्ये आमच्याकडे ती नव्हतीच, शोधपान सोडलं तर कोणी विचारणारं नव्हतं. चाचणीच्या जुन्या डेस्कटॉपवर आठ टाकली तर ती ट्रान्सपोर्टचं एसएसएल, म्हणजे सर्व्हरांमधल्या संवादाचं कूटबद्धीकरण, नाही म्हणून सुरूच होईना. म्हणून आधी ७.१७ वरच प्रमाणपत्रं तयार करून टीएलएस (एसएसएलचंच नवं रूप) आणि पासवर्ड लावले. त्यासाठी तिन्ही सर्व्हर एकदम बंद करून सुरू करावे लागतात, ते एका रविवारी पहाटे उरकलं. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाण्याची भीती असते, म्हणून गुरुवार कटाक्षाने टाळला. शोधपानाला स्वतःची एपीआय की, म्हणजे ओळखीची किल्ली, दिली, फक्त वाचण्यापुरती. हे खरं तर कधीच करायला हवं होतं.

मग स्नॅपशॉट, म्हणजे इंडेक्सची राखीव प्रत. आठवर गेलेला सर्व्हर परत सातवर येत नाही, परतीचा रस्ता फक्त स्नॅपशॉटमधून. तो घेतला आणि डेस्कटॉपवर उघडूनही बघितला.

पहिला सर्व्हर अपग्रेड करताना आयसीयू प्लगिनने अडवलं. प्लगिनची आवृत्ती सर्व्हरशी तंतोतंत जुळली नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही. आधी प्लगिन काढा, मग पॅकेज बदला, मग नवा प्लगिन घाला. माझ्याबरोबरचा मुलगा क्लस्टर (तिन्ही सर्व्हरांचा गट) पिवळा झालेला बघून घाबरला, "दादा, रेप्लिका लागतच नाहीये!" म्हणाला. नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवरच्या प्रायमरीची, म्हणजे मूळ शार्डची, रेप्लिका जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवर जात नाही. दुसरा सर्व्हर आठवर आला की हिरवा होतो. झालाही.

एक चूक मात्र नऊ दिवस कळली नाही. नव्या खरेदीच्या नोंदी भरणारी एक स्क्रिप्ट महिनाअखेरीस चालते. ती अजून जुन्या पद्धतीच्या, नोंदीचा प्रकार (टाइप) असलेल्या पत्त्यावर लिहीत होती. सात फक्त इशारा देत होती, आठने तो पत्ताच काढून टाकला आहे. आम्ही डिप्रिकेशनचे, म्हणजे पुढे बंद होणाऱ्या गोष्टींच्या इशाऱ्यांचे, लॉग दोन आठवडे बघितले होते, पण त्या दोन आठवड्यांत ती स्क्रिप्ट चाललीच नव्हती. महिनाअखेर आली, स्क्रिप्ट चुकली, आणि नवीन पुस्तकं शोधात नाहीत हे एका वाचकाने दाखवून दिलं. लॉग निदान एक पूर्ण महिना बघा, आणि वर्षाअखेरीची, जत्रेच्या वेळची, अशी अधूनमधून चालणारी कामं हाताने एकदा चालवून बघा. ज्यांचा क्लायंट, म्हणजे इलास्टिकसर्चशी बोलणारा प्रोग्राम, लगेच बदलता येत नाही त्यांच्यासाठी विनंतीसोबत पाठवायचा, सातशी जुळवून घेणारा हेडर आहे. त्याने आमची दोन जुनी पानं दोन महिने तरली.

आता आठ महिन्यांनंतर. वेगात वाचकाला जाणवेल असा फरक मला दिसला नाही, आणि वेगासाठी कोणी हे करत असेल तर मी थांबायला सांगेन. सगळ्यात उपयोगी पडतंय ते समानार्थी शब्दांचं एपीआय, ८.१० मध्ये आलेलं. आधी प्रत्येक सर्व्हरवर फाइल बदलायची आणि ॲनालायझर पुन्हा चढवायचा. आता बाई मला शब्दांच्या जोड्या पाठवतात, 'लावणी' आणि 'लावण्या', 'बखर' आणि 'बखरी', आणि दहा मिनिटांत त्या शोधात असतात. त्यांचा शोधावरचा विश्वास परत आला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हल्ली त्या वाचकाला सूचीपत्राच्या ड्रॉवरकडे न पाठवता संगणकापाशी बसवतात. शब्दांऐवजी अर्थाच्या जवळिकीवर चालणाऱ्या व्हेक्टर शोधाला आम्ही अजून हात लावलेला नाही.

ओपनसर्चचा विचार केला होता. २०२१ मध्ये परवान्यावरून ते इलास्टिकसर्च ७.१० च्या पायावर वेगळं निघालं. आम्ही त्याच्या पुढे ७.१७ वर पोचलो होतो, त्यामुळे तो रस्ता आम्हाला सरळ नव्हता. इलास्टिकसर्चनेही २०२४ मध्ये एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला, मग आम्ही आहे तिथेच राहिलो.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात यायला हवी होती. रीइंडेक्स आम्ही ७.१७ वर केलं, म्हणजे नव्या इंडेक्सवर शिक्का सातचा बसला. उद्या नऊवर जाऊन त्यात नव्या नोंदी भरत राहायच्या तर पुन्हा तेच. तरीही मॅपिंग आणि आवृत्ती वेगवेगळ्या वेळी बदलण्याचा क्रम मी बदलणार नाही, फक्त आठवर स्थिरावल्यावर आणखी एक रीइंडेक्स वेळापत्रकात धरून ठेवेन. आम्ही ते जानेवारीत केलं. मॅपिंग तेच, डिस्क मोकळी, दोन तास लागले, कोणाला पत्ताही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही उघडून दोनशे चाळीस शोध पुन्हा केले, सगळे बरोबर आले. मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि वर लिहिलं 'पुण्यातील'. विभक्तीच्या सामान्यरूपाचं दुखणं अजून तसंच आहे: 'पुणे' शोधलं की 'पुण्यातील वाडे' सापडत नाही, मराठीचा स्टेमर नाही आणि हिंदीचा पुन्हा लावायचा नाही. सध्या गावांच्या नावांची रूपं समानार्थी म्हणून हाताने भरतोय. पुणे, सातारा, ठाणे, नाशिक झाली. बाईंची यादी अजून दीडशे गावांची आहे.